माळ्यावरच्या खोलीला हरकत

"माळ्यावर एक खोली होईल का हो?" बायकोने विचारलं तेव्हा तो आरशासमोर दाढी करत होता, आणि हनुवटीखाली, जिथे अलीकडे कातडी सैल पडायला लागली होती, तिथे वस्तरा नेमका अडला. रक्त म्हणावं असं काही आलं नाही, लाल ठिपका आला. "कशाला?" त्याने विचारलं. "माझ्यासाठी," ती म्हणाली, "झोपायला," आणि स्वयंपाकघरात किटली शिट्टी घालायला लागली म्हणून निघून गेली. हे सगळं एवढ्या साध्या आवाजात झालं, की तिने खिडकीचा पडदा बदलायचं काढलंय असं ऐकणाऱ्याला वाटावं. त्याने उरलेला गाल खरवडला, चेहरा पुसला, आणि मग आरशातल्या माणसाकडे पाहताना त्याच्या लक्षात आलं, की आपण एक बाजू दोनदा केलीय आणि दुसरी तशीच राहिलीय. चहाच्या टेबलापाशी बसता बसता त्याने हळूच खडा टाकून पाहिला. "मी फार घोरतो का?" ती म्हणाली, "घोरता. पण त्याचं काही नाही." मग कशाचं आहे, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला मनवता येतं, चार दिवस तोंड फिरवून बसेल, पाचव्या दिवशी आपणहून विचारेल की भाजी कुठली आणू. पण ती रागावलेली नव्हती. तिने त्याच्या पावाला लोणी लावून दिलं, अगदी कडेपर्यंत, त्याला आवडायचं तसं.

तो कापड बेतणारा. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात लांबलचक टेबलावर थरावर थर कापड अंथरायचं, वरच्या थरावर खडूने खुणा करायच्या आणि यंत्राच्या पात्याने एका दमात सगळे थर कापायचे, हे त्याचं काम. इस्पितळातल्या परिचारिका, हॉटेलांचे दरवान, शाळेतली पोरं, सगळ्यांचे खांदे आणि कंबरा त्याच्या हाताखालून जात. कारखान्यात त्याला मास्टर म्हणत, आणि मास्टरांचा हात सढळ अशी त्याची ख्याती होती. शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड, मार्जिन, तो कधी विसरत नसे. मास्टरांनी बेतलेल्या कोटात माणूस लग्नापासून पेन्शनीपर्यंत मावतो, असं शिवणाऱ्या बायका म्हणत आणि हसत. त्या दिवशी मात्र पातं फिरत असताना त्याच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. आपल्याला एकट्याने झोपता येत नाही. ही गोष्ट त्याने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. पन्नाशी उलटलेल्या, लग्न झालेल्या मुलाच्या बापाने सांगण्यासारखी ती नव्हतीच. त्याची आई टेलिफोन केंद्रात रात्रपाळी करायची. बाप तर आठवणीतच नव्हता. आई जाताना त्याला जेवू घालायची, बाहेरून कुलूप लावायची, आणि तिच्या खाटेवर चादर अशी ताठ अंथरून ठेवायची की जणू त्या खाटेवर कधी कुणी झोपणारच नाही. तो पोर त्या खाटेकडे पाठ करून निजायचा आणि पाठीलाच डोळे फुटल्यासारखी ती रिकामी खाट त्याला दिसत राहायची. पुढे लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात कधीतरी जाग आली, आणि शेजारी दुसऱ्या माणसाचा श्वास चालू होता. आत, बाहेर. त्याला तेव्हा इतकं हायसं वाटलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. लोक बायकोत काय काय शोधतात. त्याला तो श्वास पुरला. बायको एकदा बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती तेव्हा तो घरभर दिवे लावून खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढत होता, आणि ती परत आल्यावर म्हणाला होता, "चांगली झोप झाली, ऐसपैस."

आणि आता खोली. नाही म्हणायला कारण हवं, आणि कारण तर त्याला सांगायचं नव्हतं. म्हणून तो हो म्हणाला, नव्हे, हो असंही म्हणाला नाही, "बघू या" म्हणाला, आणि बायकोने त्याच संध्याकाळी एका आर्किटेक्ट बाईचा नंबर काढला. म्हणजे तिने आधीपासून चौकशी करून ठेवली होती. मुलाचा परगावाहून फोन आला तेव्हा तोही म्हणाला, "मस्त आहे बाबा, घराची किंमत वाढेल." कुणाला कशाचं, तर बोडकीला केसांचं, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं, ती म्हण इथे बसत नाही हे त्याला कळत होतं, पण मुलाला काहीतरी बोलावंसं वाटलं आणि बोलता आलं नाही.

आर्किटेक्ट बाई आली ती सातव्या महिन्याचं पोट सांभाळत. चुणचुणीत होती, बोलकी होती. त्यांचं घर एका ओळीतल्या, एकाला एक चिकटलेल्या घरांपैकी. वर उतरतं छप्पर, छपराखाली माळा, माळ्यावर चढायला शिडी. शिडी पाहून ती म्हणाली, "काका, मी या अवस्थेत काही वर चढत नाही हं. मापं तुम्ही घ्याल का?" आणि इथे त्याने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. "मापाचं माझ्यावर सोडा," तो ऐटीत म्हणाला, "आयुष्य त्यातच गेलंय." बायकोने त्याच्याकडे अशा काही कौतुकाने पाहिलं, की माळ्यावर चढून गेल्यावरही काही वेळ ती नजर त्याला सोबत करत होती. वर कौलांची ऊब साठलेली, धूळ, जुन्या पेट्या, एका तुळईला कोळ्याने केलेलं घर. तो गुडघ्यांवर रांगत रांगत मधोमध गेला, जिथे छप्पर सगळ्यात उंच होतं, आणि उभा राहिला. डोकं लागलं नाही. इथे ती उभी राहील, केस विंचरेल, त्याच्या मनात आलं. खाली मी निजलेलो असेन आणि वर तिची पावलं वाजतील, आणि मग वाजायची थांबतील. त्याने टेप लावली, मोठ्याने आकडे सांगितले, बायकोने शिडीच्या पायथ्याशी उभं राहून ते लिहून घेतले. हे काम दोघांनी मिळून इतक्या बिनबोभाट केलं, की कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय जोडा आहे.

आर्किटेक्ट बाईने आराखडा आणून दाखवला तेव्हा त्यात छपराच्या उताराखाली एक बारीकसं माणूस काढलेलं होतं. तोंड नाही, कपडे नाहीत, दोन हात सोडून उभं. "हे कोण?" त्याने विचारलं. "कुणी नाही हो काका, उंची कळावी म्हणून काढतात." नियम असा होता, की राहण्याची खोली म्हणून मान्यता हवी तर निम्म्या जागेत तरी माणसाला सुखाने उभं राहता येईल एवढी ठरलेली उंची पाहिजे. "अगदी काठावर बसतंय," ती खुशीत म्हणाली, "तुमच्या मापांमुळे काम झालं." त्याने ते निनावी माणूस पुन्हा एकदा पाहिलं. एकटंच होतं बिचारं त्या खोलीत, पण त्याला त्याचं काही वाटत असल्याचं दिसत नव्हतं.

अर्ज पालिकेत गेला, आणि पालिकेने दाराबाहेर लावायला एक सूचना दिली. अमुक घराच्या माळ्यावर राहण्याची खोली करण्याचे योजिले आहे, ज्यांची हरकत असेल त्यांनी मुदतीत लेखी कळवावी. ती त्याने स्वतःच्या हाताने दारावर चिकटवली, कोपरे नीट दाबून, वाऱ्याने उडू नये म्हणून. कामावर जाताना वाचायचा, येताना वाचायचा. ज्यांची हरकत असेल त्यांनी. अख्ख्या गल्लीत हरकत असलेला माणूस एकच होता आणि अर्जावर सही त्याचीच होती. मूग गिळून बसणं म्हणतात ते यालाच, पण इथे तर मूग शिजवलेही त्यानेच होते. त्याला एकदा वाटलं, कार्यालयात जाऊन खिडकीपाशी विचारावं, अर्जदाराला स्वतःच्याच अर्जाला हरकत घेता येते का? कारकून वर पाहील, म्हणेल, मग अर्ज मागे घ्या की राव. आणि मागे का घेतला हे घरी सांगावं लागेल. तिथेच तर गाडं अडत होतं.

एक आशा होती. भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी, ज्याला गल्लीत सगळे हरकतराव म्हणत. झाडाच्या फांदीला हरकत, दिव्याच्या खांबाला हरकत, पोरांच्या चेंडूला, कुणाच्या घरातल्या पियानोला, कचऱ्याच्या गाडीच्या भोंग्याला. अशा माणसाच्या भिंतीपलीकडे महिना-दोन महिने ठोकाठोक होणार म्हटल्यावर तो गप्प बसेल हे शक्यच नव्हतं. आपला नायक रविवारी सकाळी मुद्दाम त्याच्याकडे गेला आणि खोलीचं वर्णन होईल तेवढं वाईट केलं. धूळ फार होईल, म्हणाला. खिडकी तुमच्या अंगणाच्या बाजूला येईल, म्हणाला. सुतार सकाळी लवकर येतात, तुमची झोपमोड होणार. हरकतराव शांतपणे ऐकून घेत होता. त्याच्या टेबलावर एकच कप होता आणि खुर्च्या दोन होत्या. दुसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवलेला. "खोली वहिनींसाठी ना?" त्याने विचारलं. "मग करा की. खुशाल ठोका."

"नाही, पण तुम्हाला त्रास..."

"अहो, मला कसला त्रास? हिला आवाज सोसायचे नाहीत. डोकं धरून बसायची. म्हणून मी भांडायचो सगळ्यांशी. ही गेली, आता कुणासाठी भांडू?" मग तो म्हणाला, "उलट बरंच होईल. भिंतीपलीकडे कुणी वावरतंय एवढं तरी कळेल." तो बायकोसाठी भांडायचा, हे गल्लीत त्याला या नावाने हाक मारणाऱ्यांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. परत येताना आपल्या माणसाला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, अगदी तळाशी, भीती तशीच शाबूत होती. एकच कप. त्याने घरी येऊन सगळे कप उगाच मोजल्यासारखे पाहिले.

मुदत संपली. कुणाचीही हरकत आली नाही. काम सुरू करण्याआधी जागा पाहायला पालिकेचा इन्स्पेक्टर आला. अंगाने आडवा, शिडीवर त्याचा पाय पडला की शिडी कण्हायची. त्याने खिशातून मापं घेणारं एक छोटं यंत्र काढलं. त्याचा लाल ठिपका आढ्याच्या लाकडावर जाऊन बसला. इन्स्पेक्टरने आकडा पाहिला, आराखडा पाहिला, मग पुन्हा आकडा पाहिला. "कमी भरतंय," तो म्हणाला. "दोन बोटं कमी." इकडे कमी, तिकडे कमी, भिंतीपाशीही तेवढंच कमी. "गंमत आहे. चूक म्हटली की कुठे कमी, कुठे जास्त निघते. हे सगळीकडे सारखंच वाढवलेलं. मापं घेतली कुणी?"

"मी," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला सगळं कळलं. टेप लावून, अंगठ्याने आकडा धरून, तोंडाने सांगताना त्याने प्रत्येक मापात शिवणीपुरतं जास्तीचं सोडलं होतं. ते त्याने केलं नव्हतं, हातानेच केलं होतं, तीस-एक वर्षं करत आला होता तसं. "मी कापड बेततो," तो ओशाळून म्हणाला. "कटाईत मार्जिन धरावं लागतं." इन्स्पेक्टर असा गडगडून हसला की कौलांतून माती पडली. "अहो मास्टर, कापड उसवता येतं. छप्पर कसं उसवणार?" तोही हसला. आतून मात्र त्याला उडी मारावीशी वाटत होती. सुंठीवाचून खोकला गेला! तो काही न करता, कुणाला काही न सांगता, खोली आपोआप रद्द होत होती. पण इन्स्पेक्टर माणूस चांगला निघाला, आणि चांगली माणसं नेमकी नको तिथे चांगली निघतात. "अर्ज फेटाळायचं माझ्या जिवावर येतं," तो म्हणाला. "छप्पर वर नेता येणार नाही, ओळीतली सगळी छपरं एका रेषेत ठेवायची असा नियम आहे. पण जमीन खाली घेता येईल. खालच्या खोलीचं छत दोन बोटं उतरवा. खाली काय आहे?"

"आमची झोपायची खोली."

"ती जरा बुटकी होईल. नियमात बसते, पण डोक्यावर आल्यासारखं वाटेल. तुमचं तुम्ही ठरवा. वरची खोली कुणासाठी आहे एवढी?"

उत्तर शिडीच्या खालून आलं. "माझ्यासाठी," बायको म्हणाली. ती वर तोंड करून उभी होती, भोकातून तिचा चेहरा तेवढा दिसत होता. "मी कधी एकटी झोपलेच नाहीये. माहेरी आम्ही सात बहिणी, एका खोलीत, एकीचा पाय दुसरीच्या तोंडावर. मग शिकायला गेले तर वसतिगृहात चौघी. मग लग्न. मग मुलगा, त्याला दहा वर्षांचा होईपर्यंत मी लागायचे. एकदा पाहायचं होतं, कसं वाटतं." इन्स्पेक्टर म्हणाला, "आमच्या घरातही हेच ऐकतो मी." बायको हसली. आणि तो, माळ्यावर गुडघे टेकून बसलेला, त्या चौकोनी भोकातून स्वतःच्या बायकोकडे पाहत राहिला. सात बहिणी त्याला माहीत होत्या. प्रत्येकीच्या नवऱ्याचा कोट त्याने कधी ना कधी बेतला होता. पण त्या सातजणी एका खोलीत निजत असतील आणि त्यातली एक अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याला माणसं हवी होती तेव्हा तिला माणसं पुरे झाली होती. आणि असे दोघे एकमेकांना मिळाले होते.

इन्स्पेक्टर गेल्यावर तिने स्वतःच विषय मिटवला. "राहू दे," ती म्हणाली. "तुमची खोली बुटकी करून मला नको काही. तसंही वय झालं आता, जिना चढायचा म्हणजे गुडघे बोलायला लागतील." तिने कांदा चिरायला घेतला. नासलेलं दूध ओतून द्यावं आणि भांडं घासून टाकावं, तसं तिने ते संपवलं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली, आणि सकाळी उजेड झाल्यावर जाग आली तर ती अजून झोपलेली होती. तो कुशीवर वळून तिच्याकडे पाहायला लागला. त्याचा डोळा धंद्याचा. अंथरलेल्या कापडावर कोण किती जागा घेतो ते त्याला न मोजता दिसे. पलंगाच्या मधोमध तो, हातपाय पसरलेला. आणि ती पार काठाला, काठाच्याही काठाला, कुशीवर, पाय पोटाशी घेतलेले, आणि एक मूठ गादीच्या कडेला घट्ट धरलेली, झोपेतही, पडू नये म्हणून. दोघांच्यात एक अख्खा माणूस निजेल एवढी जागा रिकामी होती आणि तीही तिने घेतलेली नव्हती. त्याला वाटलं होतं, आपण तिच्या श्वासाच्या सोबतीने झोपतो. तो श्वास कुठून येतो हे त्याने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. तो उठला, आवाज न करता पाणी तापत ठेवलं, आणि ती डोळे चोळत स्वयंपाकघरात आली तेव्हा म्हणाला, "छत खाली घेऊ या."

"आणि तुम्ही?"

"मला झोपायला कितीशी उंची लागते?" त्याने विनोद केला. ती हसली नाही. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"तुम्हाला एकट्याला झोप येत नाही," ती म्हणाली.

त्याने उठून पाण्याखालची आच बारीक केली.

"बहिणीच्या बाळंतपणाहून परत आले तेव्हा शेजारच्यांनी सांगितलं, रात्रभर घरात दिवे असायचे म्हणून. तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून मला कळलं नाही असं थोडंच आहे." तिने टेबलावरचं पाणी तळव्याने पुसलं. "म्हणून तर इतकी वर्षं विचारलं नाही. आता वाटलं, सवय झाली असेल."

"झाली," तो म्हणाला. हे धादांत खोटं होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. पण त्याने ते दुसऱ्यांदाही म्हटलं, आणि दुसऱ्यांदा जरा जास्त जोरात. ती खुर्ची मागे सारून उठली. मग म्हणाली, "बरं."

सुधारित आराखडा मंजूर झाला. पालिकेच्या खिडकीपाशी कारकुनाने ठप्पा मारला तेव्हा त्याला तो आपल्या पाठीवर बसल्यासारखा वाटला, तरी त्याने मान लववून आभार मानले. सुतार आले. खालचं छत उतरलं. खोलीत शिरलं की उगाच मान खाली घालावीशी वाटे, माणूस देवळात नाही तर कोर्टात घालतो तशी. शिडीच्या जागी जिना आला, वर लाकडी जमीन, उतारात एक खिडकी, एक अरुंद पलंग, आणि एक दार. ती वर राहायला गेली त्याला आता काही दिवस झाले होते. खाली तो पलंगाच्या मधोमध निजायचा, मग एका बाजूला सरकायचा, मग दुसऱ्या. झोप येत नसे. दिवा लावायची त्याला लाज वाटे, कारण जिन्यात उजेड गेला तर तिला कळेल. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आता तर मुळीच नाही. सकाळी ती जिना उतरून यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उशीचा वळ असे, ती म्हणे, "झोप झाली?" तो म्हणे, "ऐसपैस." आणि ती त्याच्या पावाला लोणी लावून देई.

एका सुट्टीच्या दुपारी त्याला कात्री सापडेना. घरात एकच मोठी कात्री, ती तिने वर नेली असावी. तो जिना चढून गेला. दार लोटलेलं होतं. लग्न झाल्यापासून या बाईच्या आणि त्याच्या मध्ये कधी दार आलं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय करतात हे आठवायलाच त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने बोटाच्या पेराने टकटक केली.

"कोण?" आतून आवाज आला.

घरात दोघंच माणसं. तिसरं येणार होतं कुठून? पण ती चेष्टा करत नव्हती. ती कशात तरी पार बुडालेली होती आणि तिथून तिने विचारलं होतं, हलक्या, मोकळ्या, वरच्या सुरातल्या आवाजात, एखाद्या पोरीने अंगणात खेळता खेळता मान न वळवता विचारावं तसं. हा आवाज त्याने कधीच ऐकला नव्हता. तीस वर्षं शेजारी निजून, हा कधीच नाही. "मी," एवढंच सांगायचं होतं. त्याने "मी" म्हटलं असतं की तो आवाज लगेच बदलला असता, "अहो, या ना," झाला असता, रोजचा, काळजीचा, काठावरचा. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर श्वास धरून उभा राहिला. त्याला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

त्याने उत्तर दिलं नाही. तो आवाज पुन्हा एकदा ऐकायला मिळावा म्हणून त्याने परत दार वाजवलं.